वेताळाची फेरी आणि विजयानंदमधला प्रयोग

गेल्या दिवाळीत लंडनहून आलेल्या भाच्याने विचारले, "मामा, नाशकात रात्रीची भुतांची फेरी नाही का?" तिकडच्या जुन्या शहरांत अंधार पडला की वाटाड्या तिकीट काढलेल्या माणसांना गल्लीबोळांतून फिरवतो. इथे खून झाला, तिथे फाशी दिली, असे सांगतो. कुठेकुठे व्हॅम्पायरही भेटतो. "आपल्याकडे वाडे आहेत, घाट आहेत, नदीकाठी स्मशान आहे. आणखी काय पाहिजे?" असे त्याचे म्हणणे. जेवणे आटोपून आम्ही दोघे निघालो.

वाटेत आधी व्हॅम्पायरचा निकाल लावला. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला त्याने 'व्हॅम्पायर' म्हटले. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला त्यानंतरचा, १८९७ चा. पण आपला वेताळ रक्तासाठी कुणाच्या मानेला लागत नाही. तो प्रेतात शिरून राजाला प्रश्न विचारतो, आणि उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होतील, असे बजावतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावचा राखणदार आहे. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. म्हणजे आपल्याकडे रात्रीची फेरी भूतच घालते, आणि ती गावाच्या रक्षणासाठी.

जुन्या नाशकात विजयानंद थिएटरपाशी आम्ही थांबलो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथे किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग होता. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याची बदली झाली होती, त्याच्या निरोपाचा तो प्रसंग. तिथे अनंत कान्हेरे याने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी जन्मठेपेची शिक्षा झाली होती आणि क्रांतिकारकांचा राग जॅक्सनवर होता. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. अनंताने विशीही गाठली नव्हती. नाशिकच्या मोठ्या मैदानाला आज त्याचे नाव आहे.

एवढे नाशिककरांना पाठ असते. फारसे बोलले जात नाही ते पुढचे. संस्कृतचा व्यासंगी म्हणून जॅक्सनचा लौकिक होता, आणि मरण आले तेव्हा तो भुताखेतांची माहिती गोळा करत होता. इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची लेखी उत्तरे त्याने जमवली होती. ते कागद पुढे आर. ई. एन्थोवेनने हाती घेतले. त्यातून गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये निघाला. कोकणच्या खंडात माहितीखाली 'शाळामास्तर, पालशेत', 'शाळामास्तर, मिठबाव', 'शाळामास्तर, चौक' असे उल्लेख येतात. मास्तरांची नावे नाहीत, गावे तेवढी आहेत. नाशिकचा खंड मात्र या दोहोंत नाही.

अशा नोंदी आणि मोल्सवर्थचा कोश शेजारी ठेवून वाचले, तेव्हा माझी भीती गेली आणि दुसरेच काही लक्षात आले. आपल्या भुतांची नावे म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची वर्गवारी आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात दगावलेली बाई ती आळवंतीण. ज्याचे दिवस घालायला मागे कोणी उरले नाही तो समंध. तिकडच्या फेरीत भूत कुठे दिसते हे महत्त्वाचे असते. इथे ते का मागे राहिले, हे नावातच सांगितलेले असते. बायकांच्या भुतांची नावे भरपूर का, याचे उत्तर त्या काळच्या घरांत आहे. त्या रात्री रंगमंचावर देवलांची शारदा होती, म्हातार्‍याच्या गळ्यात बांधायला निघालेली पोर. नाटकात ते लग्न मोडते. ज्यांचे मोडले नाही, त्यांतल्या कितीजणी बाळंतपणात गेल्या आणि पिंपळावर, विहिरीवर नुसत्या नावाने उरल्या! त्यांची आठवण गावाने भीतीच्या रूपात ठेवली. जिवंतपणी न विचारलेल्या बाईला मेल्यावर तरी वचकून राहावे लागले.

तिथून उतरत आम्ही गोदावरीवर आलो. रामकुंडावर देशभरातून माणसे अस्थी घेऊन येतात. त्र्यंबकेश्वरला अपमृत्यू झालेल्यांसाठी नारायण नागबळी करतात. मेलेल्यांना बघायला नव्हे, त्यांना सोडवायला माणसे या जिल्ह्यात येतात. तिकीट लावून इथे फेरी काढायला माझी हरकत नाही. पण वाटाड्याने विजयानंदपाशी नुसती गोळी झाडून दाखवू नये. चारही मरणे सांगावीत, दोन्ही बाजूंची कारणे सांगावीत, आणि मास्तरांनी लिहून पाठवलेली ती यादीही वाचून दाखवावी. माहीत असून गप्प बसण्याबद्दल वेताळाचा नियम सर्वांना ठाऊक आहे.

पायरीवर बसलो असताना भाच्याने विचारले, "मग त्या जॅक्सनला पाणी कोणी दिले?"

मी त्याला तर्पणाचा क्रम सांगितला. आई-वडील, आजा-पणजा, मग नातलग, गुरू, स्नेही. शेवटी जे आपले कोणी नव्हते, त्यांच्याही नावाने पाणी सोडतात. ते कोणासाठी, हे भटजी विचारत नाहीत.