नऊ वर्षं करंडक आपल्या किनाऱ्यावर होता

आजचा भाग बजबजहून. ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोलकात्याच्या नैऋत्येला, हुगळी नदीच्या काठावर, सियालदहहून लोकल पकडली की शेवटचं स्टेशन. १९१४ साली कोमागाता मारू जहाजातल्या प्रवाशांवर गोळीबार झाला तो इथेच. ज्यूटच्या गिरण्या आणि तेलाचे डेपो ही या गावाची जुनी ओळख. गिरणी सुरू असली की गाव सुरू आणि गिरणीला टाळं लागलं की गाव थंड, हे गणित इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसालाही लागणार नाही.

हे गणित आज फुटबॉलला लावून बघायचं आहे. आपल्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या विजेत्यांची यादी समोर ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: हे विजेते आज कुठे आहेत?

आधी यादी समजून घेऊ, कारण तिच्यात थोडा गुंता आहे. भारतात फुटबॉल जुना, पण राष्ट्रीय लीग नवी. ड्युरँड कप १८८८ चा. मुंबईचा रोव्हर्स कपही एकोणिसाव्या शतकातला. राज्यांची संतोष ट्रॉफी १९४१ पासून, फेडरेशन कप १९७७ पासून. या सगळ्या बाद पद्धतीच्या किंवा थोड्या दिवसांच्या स्पर्धा. वर्षभर घरच्या आणि परक्या मैदानावर खेळून देशाचा विजेता ठरवणारी लीग आली ती डिसेंबर १९९६ मध्ये, नॅशनल फुटबॉल लीग या नावाने. ती अकरा हंगाम चालली. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, शेजारी उभी राहिली. काही वर्षं दोन्ही एकाच वेळी चालल्या आणि शेवटी वरचं स्थान आयएसएलकडे गेलं. म्हणजे नावं तीन, पण धागा एकच: देशातला पहिला क्रमांक.

पहिला विजेता कोण? बहुतेक जण मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल म्हणतील. उत्तर आहे जेसीटी मिल्स, पंजाबातल्या फगवाड्याच्या कापड गिरणीचा संघ. प्रशिक्षक सुखविंदर सिंग, पुढे भाईचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन. भुतिया त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर कोलकात्याचा जोर आला. मोहन बागानने १९९७-९८, १९९९-२००० आणि २००१-०२ असे तीन हंगाम जिंकले. ईस्ट बंगालने २०००-०१, २००२-०३ आणि २००३-०४ असे तीन. मधे १९९८-९९ चा मान गोव्याच्या साळगावकर क्लबने मिळवला.

इथून पुढची गोष्ट मराठी वाचकांनी नीट ऐकावी अशी आहे.

२००४-०५ ते २०१२-१३ हे नऊ हंगाम घ्या. या नऊ वर्षांत देशाचा विजेता एकदाही कोलकात्याचा नव्हता. नऊपैकी आठ वेळा करंडक गोव्यात गेला आणि एकदा मुंबईत. सलग नऊ वर्षं भारतीय फुटबॉलची राजधानी मुंबई ते मडगाव या किनारपट्टीवर होती. २०११ च्या जनगणनेत ज्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली, त्या गोव्याने त्यातली आठ विजेतेपदं नेली.

त्यातला सर्वात मोठा वाटा पणजीच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा. पाच विजेतेपदं, आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच: आर्मांदो कुलासो. पहिल्या विजेतेपदाच्या हंगामावर मात्र मोठी सावली आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, मोहन बागानविरुद्ध. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि वाचला नाही. धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट पुन्हा कोणाला दिला नाही. त्याच हंगामात हा संघ देशाचा विजेता झाला.

पुढच्या वर्षी, २००५-०६ मध्ये, मुंबईची पाळी. महिंद्रा युनायटेड. १९६२ पासूनचा हा कंपनीचा संघ. टाटा स्पोर्ट्स, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया अशा कंपनी संघांची मुंबईत मोठी परंपरा होती, त्यातलाच एक. दुपारी कचेरी, संध्याकाळी कूपरेजवर सराव, अशा जुन्या वळणातून आलेला. त्या हंगामात प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा आणि मोहन बागानचा लाडका ब्राझिलियन बरेटो तेव्हा महिंद्राकडून खेळत होता. महिंद्राने फेडरेशन कपही घेतला आणि लीगही. राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा हा पहिला संघ.

मग पुन्हा धेंपो. आय-लीगचे पहिले सहा हंगाम तर अख्खे गोव्याचे: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. १९९६ पासून २०१३ पर्यंतचा हिशेब मांडला तर सतरा हंगामांत गोवा नऊ, कोलकाता सहा, पंजाब एक, मुंबई एक.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे विजेते कुठे आहेत?

महिंद्राने जाहीर केलं की २००९-१० चा हंगाम शेवटचा. २०१० मध्ये संघ बंद झाला. कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. देशाचा विजेता होऊन चारच वर्षं झाली होती. पहिला विजेता जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. धेंपो आणि साळगावकर यांनी २०१६ मध्ये, स्पोर्टिंग क्लब द गोवासोबत, आय-लीगमधून अंग काढून घेतलं. महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम जागा मिळणार होती आणि फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी वरची लीग राखली जाणार, हा त्यांचा आक्षेप होता. साळगावकर त्यानंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. धेंपो आठ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, दुसऱ्या पातळीवर परतला.

महाराष्ट्राचं चित्र तर याहून विस्कटलेलं. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला आणि डेरिक परेरा यांच्याच हाताखाली २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आला. २०१५ नंतर तो मैदानात उतरला नाही. पुण्याचाच भारत एफसी एकच हंगाम खेळला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. एका शहरातून पाच वर्षांच्या आत तीन क्लब नाहीसे झाले.

मुंबई एफसीची कथा तर कादंबरीवाल्याने रचली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. खालिद जमील यांनी सात वर्षं हा संघ सांभाळला. पैसा कमी, तारे नाहीत, पण दरवर्षी खालच्या लीगमध्ये घसरण टाळायची, हे त्यांचं काम. २०१६ मध्ये क्लबशी त्यांची वाट वेगळी झाली आणि ते मिझोरमच्या ऐझॉलला गेले. ऐझॉल त्याआधीच्या हंगामात खाली घसरला होता. पण गोव्याचे क्लब निघून गेल्याने जागा रिकामी झाली आणि त्याला परत घेतलं गेलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि मग बंद झाला. गोव्याने सोडलेल्या खुर्चीवर मिझोरम बसलं आणि तिथे बसवणारा माणूस मुंबईचा. हेच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

मित्रांनो, हे सगळे क्लब वाईट खेळले म्हणून गेले का? यादीच सांगते, नाही. यातले कित्येक जिंकत होते. ते गेले कारण क्लब कोणाच्या हातात होता, त्या हाताने मूठ सोडली. कंपनीच्या ताळेबंदात फुटबॉल हा खर्चाचा रकाना असतो. तिकिटांतून फारसं येत नाही, प्रक्षेपणाचे पैसे क्लबपर्यंत पोचत नाहीत, जाहिरात म्हणून किंमत कमी. कोणीतरी एक दिवस विचारतो, हे कशासाठी चालवतोय? यात कंपनीला खलनायक करायचं कारण नाही. चाळीस-पन्नास वर्षं खेळाडूंना नोकऱ्या, पगार आणि बूट याच कंपन्यांनी दिले. पण संघ बंद होताना विचारायला कोणी बांधील नव्हतं, कारण सभासद नव्हते. मुंबईत महिंद्राचे चाहते होते, पण त्या क्लबवर त्यांचा कागदोपत्री कसलाच हक्क नव्हता.

आता कोलकात्याकडे बघा. इथेही कंपनी संघ होते. ईस्टर्न रेल्वेने १९५८ मध्ये कोलकाता लीग जिंकली. पी. के. बॅनर्जी आपल्या कारकिर्दीतला बहुतेक काळ त्याच संघाकडून खेळले. पण शहराचा जीव ज्यांच्यात गुंतला ते तीन क्लब, १८८९ चा मोहन बागान, १८९१ चा मोहम्मडन स्पोर्टिंग आणि १९२० चा ईस्ट बंगाल, हे सभासदांचे. वर्गणी भरणारी, कमिटीच्या निवडणुकीत मत देणारी माणसं. आजोबांचं सभासदपत्र नातू जपून ठेवतो.

याचा अर्थ यांना पैशाची अडचण आली नाही असं नाही. १९९८ मध्ये दोन्ही मोठ्या क्लबांच्या नावांपुढे मद्य कंपन्यांची नावं लागली. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉलचे ऐंशी टक्के समभाग एका उद्योगसमूहाकडे गेले आणि संघ एटीके मोहन बागान झाला. पण इथे फरक पडला. चाहत्यांना पुढे लावलेली ती तीन अक्षरं मान्य नव्हती. फलक लागले, घोषणा झाल्या, काहींनी सामन्यांवर बहिष्कार घातला. तीन वर्षं हे चाललं. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात आयएसएलचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी त्याच रात्री जाहीर केलं की ती अक्षरं जातील. विजेतेपद मिळाल्यानंतरही चाहते नावासाठी अडून राहिले आणि मालकाला ऐकावं लागलं. महिंद्राच्या वेळी असं ऐकवणारं कोणी नव्हतं.

सभासद असले की करंडक आपोआप येतो, असंही समजू नका. ईस्ट बंगालने शेवटची राष्ट्रीय लीग जिंकली ती २००३-०४ मध्ये. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत एकही नाही. मोहन बागानलाही २००२ नंतर तेरा वर्षं थांबावं लागलं. ३१ मे २०१५ रोजी बंगळुरूत, सामना संपायला तीनेक मिनिटं असताना बेलो रझाकच्या हेडरने बरोबरी झाली, तेव्हा कुठे लीग परत मिळाली. जिंकायला पैसा लागतोच. हरण्याच्या वर्षांत क्लब जिवंत ठेवायला माणसं लागतात. तेरा वर्षं न जिंकता महिंद्रा टिकला असता का? तो तर जिंकून चार वर्षं टिकला नाही.

याचा दाखला महाराष्ट्रातही आहे, कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. हे संघ पेठांचे आणि तालमींचे. शाहू स्टेडियमवर यांच्या सामन्याला हजारोंची गर्दी होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. यातल्या एकाही संघाने राष्ट्रीय लीग पाहिली नाही, पण यातला एखादा संघ उद्या कोणी बंद करू म्हटलं तर अख्खी पेठ रस्त्यावर येईल. मुंबई-गोव्याकडे करंडक होते आणि कोल्हापूरकडे माणसं. दोन्ही एकत्र कधी आलं नाही, हीच आपल्या किनाऱ्याची खरी हानी.

आज मुंबईकडे पुन्हा विजेता संघ आहे. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये आयएसएलची साखळीही जिंकली आणि अंतिम सामनाही. ४ मे २०२४ रोजी तर कोलकात्यात, साठ हजारांच्या गर्दीसमोर, मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा करंडक नेला. पण त्या क्लबची सूत्रं २०१९ पासून मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाकडे होती. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार नव्याने न झाल्याने आयएसएल अडली आणि नेहमी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा हंगाम त्या वर्षात सुरूच झाला नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या समूहाने आपला हिस्सा सोडला. म्हणजे २०१० मध्ये जे मुंबईच्या कंपनीने केलं, तेच पंधरा वर्षांनी परदेशी कंपनीने केलं. क्लब या वेळी बंद झाला नाही, जुन्या मालकांकडे परत गेला. तेवढाच दिलासा.

तेव्हा तुम्ही नागपुरात असा, बेळगावात, इंदूरला की बडोद्याला, तुमच्या गावात नवा संघ येईल तेव्हा त्याची जर्सी जरूर घ्या. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: या क्लबात सभासद होता येतं का? मत देता येतं का? उत्तर नाही असेल, तर तो संघ तुमच्या गावात खेळतो आहे, तुमच्या गावाचा नाही. आणि तुमच्या पेठेत एखादा जुना, गरीब, वर्गणीवर चालणारा क्लब असेल, तर या महिन्याची वर्गणी तिकडे भरा.

पुढच्या भागात रोव्हर्स कपबद्दल बोलू. शतकभर मुंबईने भरवलेली ती स्पर्धा कशी थांबली, त्यातही हाच प्रश्न दडलेला आहे. तोपर्यंत नमस्कार.