पायवानांची गावं डोंगर का उतरली?

नकाशावर तैवानचं दक्षिण टोक बघा. पश्चिमेला पिंगतुंग, पूर्वेला ताइतुंग, आणि मधल्या डोंगररांगेत पायवान लोकांची जुनी गावं. आज हा समाज एक लाखाच्या थोडा वर आहे. पण त्यातले कितीतरी जण आता आजोबांच्या गावात राहत नाहीत. ते गाव वर डोंगरात रिकामं पडलंय.

लोकसंख्येचा इतिहास म्हटलं की आपण आकडे शोधतो. इथे ते मिळतात, आणि बरेच जुने मिळतात. ज्या डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिनेच १७व्या शतकात तैवानमधल्या गावांच्या याद्या केल्या: गावाचं नाव, घरं, माणसं. १६५०च्या यादीत सुमारे ३०० गावं आणि ६८ हजार माणसं आहेत. अर्थात डोंगरातले आकडे जपूनच वाचायचे. तिथे कंपनीचा माणूस घरोघर फिरत नव्हता, बरेचदा गावप्रमुखाने सांगितलं तेच लिहिलं जायचं.

पायवान स्वतः काय मोजत होते? घर. प्रत्येक घराला नाव असतं आणि माणूस त्या घराच्या नावाने ओळखला जातो. घराचा वारस पहिलं अपत्य, मग तो मुलगा असो की मुलगी! त्याला शब्द आहे ‘वुसाम’, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बियाण्यासाठी राखलेला राळा. धाकटी भावंडं लग्न करून दुसऱ्या घरात जायची किंवा नवं घर उभारायची. गावं अशी फुटत, पसरत गेली. आणि घरातला माणूस गेला की त्याला बसत्या स्थितीत त्याच घराच्या फरशीखाली पुरत. भिंती पाटीच्या दगडाच्या, जमीन पाटीची, आणि तिच्याखाली पूर्वज. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

१८९५मध्ये जपानी आले. १९१४च्या सुमारास त्यांनी बंदुका जमा करायला सुरुवात केली तेव्हा दक्षिणेत उठाव झाला, तो मोडून काढला. घरात पुरण्यावर बंदी आली. मग १९३०मध्ये मध्य तैवानात वुशेचा उठाव झाला (तो सीडिक लोकांचा, पायवानांचा नव्हे) आणि सरकारने ठरवलं, डोंगरातली माणसं पायथ्याशी आणायची. पोलीस चौकीच्या नजरेखाली, भातशेतीला लावायची. कागदावर ही सुधारणा होती. माझ्या मते मूळ हेतू ताब्याचा होता. भात हे निमित्त. शिवाय खाली मलेरिया होता. उंचावर राहणाऱ्यांना त्याची सवय नव्हती, आणि असं स्थलांतर अनेक ठिकाणी जिवावर बेतलं.

१९४५नंतर सरकार बदललं, धोरणाची दिशा तीच राहिली. आता कारणं रस्ता, शाळा, दवाखाना. ही कारणं खोटी नव्हती, बरीच कुटुंबं आपणहून उतरली. शेजारच्या रुकाई लोकांचं हाओचा गाव १९७०च्या दशकाच्या शेवटी असंच नदीकाठी आलं. आणि ऑगस्ट २००९मध्ये मोराकोट वादळाच्या पुरात ते नवं गाव दगडमातीखाली गाडलं गेलं. माणसं आधीच हलवलेली होती, म्हणून वाचली.

त्यानंतर हाओचा आणि पायवानांची माजिया व दाशे ही दोन गावं एकत्र रिनारी नावाच्या वसाहतीत वसवली. ४८३ घरं, एका साच्याची. घर फुकट, पण जमीन सरकारची, आणि मूळ गावी पुन्हा राहायला जायचं नाही अशी अट. पुनर्वसन कार्यालयाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे एका यादीतली माणसं. पायवान हिशेबात धाकट्याचं नवं घर निघायला हवं. ते साच्यातल्या वसाहतीत कुठे बांधणार?

म्हणूनच काही लोक वर जातात. चुनरी तालुक्यातल्या जुन्या त्युवेचेकादान गावात पन्नासेक पाटीची घरं अजून शिल्लक आहेत.  छपराच्या पाट्या बदलायला, गवत काढायला घराघरातली माणसं तिथे जातात. राहायला कोणी नसलं तरी घराचं नाव चालू आहे.