आगमनकाळ
ख्रिस्ताच्या स्वागतासाठी नाताळापूर्वी चार रविवार पाळला जाणारा ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभीचा काळ. मूळ लॅटिन शब्द ‘आद्‌वेंतुस’ (येणे). पाचव्या शतकात गॉलमधील तूरचे बिशप पेर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास सांगितले, चार रविवारांची रोमन प्रथा पोप पहिले ग्रेगरी (कार. ५९०–६०४) यांच्याशी जोडली जाते. पाश्चात्त्य चर्चमध्ये पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो.

बेथलेहेममधील जन्माचे स्मरण आणि पुनरागमनाची प्रतीक्षा असा या काळाचा दुहेरी आशय आहे (पहा : नाताळ, पुनरागमन). कॅथलिक उपासनेत जांभळी वस्त्रे वापरतात, तिसऱ्या रविवारी गुलाबीही चालतात. ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र वगळतात.

नाताळापर्यंतचे दिवस मोजण्यासाठी मेणबत्त्या लावलेल्या आगमनचक्राचा उगम मात्र उपासनाविधीत नाही, सेवाकार्यात आहे. योहान हिन्‍रिख विखर्न (१८०८–८१) या ल्यूथरपंथीय धर्मसेवकाने १८३३ मध्ये हँबर्ग येथे निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ काढले. नाताळ कधी, असे मुले सारखी विचारत. म्हणून १८३९ मध्ये त्याने गाडीच्या चाकावर रविवारांच्या मोठ्या व इतर वारांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. १८४८ मध्ये व्हिटेनबर्ग येथील त्याच्या भाषणातून जर्मन प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघटित समाजसेवेला, ‘अंतर्गत मिशन’ला, चालना मिळाली (पहा : डायकोनिया).

महाराष्ट्रात व गोव्यात या दिवसांत गव्हाणीचे देखावे उभारतात. नाताळगीतांचे गट घरोघरी जातात (पहा : ख्रिस्ती सण).