डॅकची कुळकथा

संगणकात साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग असते, तर स्पीकरच्या पडद्याला हलण्यासाठी सतत कमीजास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचा असा दाब करून देणाऱ्या परिवर्तकाला आज सर्रास ‘डॅक’ म्हणतात. काडेपेटीएवढ्या डबीत मिळणारा आणि यूएसबीच्या वायरने जोडला जाणारा हा परिवर्तक संगणकयुगाचे अपत्य वाटतो, पण त्याचे मूळ टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांमध्ये सापडते.

त्या तारांवर आवाज दूर न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी तो वाढवावा लागे आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्याबरोबर खरखरही वाढत जाई. पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करणारे ब्रिटिश अभियंते अ‍ॅलेक रीव्हज यांनी १९३७च्या सुमारास यावर असा तोडगा काढला, की आवाजाची लाट ठरावीक अंतराने मोजावी, प्रत्येक मापाचा आकडा करावा आणि तो ‘आहे’ व ‘नाही’ अशा दोनच खुणांनी पाठवावा, म्हणजे वाटेत मळलेल्या खुणा पुढच्या टप्प्यावर ओळखून पुन्हा कोऱ्या करता येतील. ‘पीसीएम’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत निर्वात नळ्यांच्या काळात परवडण्याजोगी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६२ मध्ये अमेरिकेत २४ संभाषणे एकत्र वाहून नेणारी व्यवस्था तिच्यावर उभी राहिली.

बोलण्यासाठी सेकंदाला ८,००० मापे पुरत, संगीताला ती पुरेनात. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीत हानोवरजवळच्या कारखान्यातून सीडी बाहेर पडू लागल्या. त्यांवर प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० मापे होती आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसत होते. इतक्या बारीक पायऱ्या अचूक पाडणारी रोधांची शिडी स्वस्तात घडवणे अवघड असल्याने फिलिप्सने पहिल्या यंत्रांत कमी पायऱ्यांचा परिवर्तक घेतला आणि तो चौपट वेगाने चालवून उणीव भरून काढली. पायऱ्या कमी करून वेग वाढवण्याची ही युक्ती डेल्टा-सिग्मा पद्धतीने टोकाला नेली. तिचा पाया जपानी संशोधकांनी १९६२ मध्येच घातला होता. पुढे ती स्वस्त चिपमध्ये उतरवणाऱ्यांत अमेरिकेतील क्रिस्टल सेमीकंडक्टर ही कंपनी होती, आणि १९९१ मध्ये ती विकत घेणाऱ्या सिरस लॉजिकचे संस्थापक होते जमशेदपूरला जन्मलेले सुहास पाटील. मराठी वाचकाने हे नाव या कुळात आवर्जून नोंदवून ठेवावे.

संगणकात परिवर्तक आधी साउंड कार्डाच्या रूपाने शिरला आणि नंतर थेट मदरबोर्डवर बसवला गेला. येथे त्याला शेजार वाईट मिळाला. दोन व्होल्टच्या आवाक्याचे ६५,५३६ भाग केले तर एक भाग जेमतेम ३० मायक्रोव्होल्टचा भरतो, आणि त्याच पाटीवर प्रोसेसर, पंखे व वीजपुरवठ्याचे भाग याहून कितीतरी मोठे दाब क्षणोक्षणी चालू-बंद करत असतात. माउस हलवताच हेडफोनमध्ये बारीक किरकिर उमटते, ती यातूनच. घराचे अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झच्या विजेची घुमघुमही त्यात मिसळते. परिवर्तक पुन्हा वेगळ्या डबीत बाहेर आला, तो बऱ्याच अंशी या शेजारापासून सुटण्यासाठी.

दुसरे कारण काळाचे होते आणि ते अधिक मोलाचे आहे. माप बरोबर असूनही ते चुकीच्या क्षणी बाहेर पडले तर लाटेचा आकार बिघडतो. या दोषाला ‘जिटर’ म्हणतात. यूएसबीवरून आवाज नेण्याचे पहिले प्रमाण १९९८ मध्ये ठरले, पण सुरुवातीच्या अनेक डब्या संगणकाच्याच चालीने चालत. पुढे प्रचारात आलेल्या ‘असिंक्रोनस’ पद्धतीत लगाम डॅकच्या हाती गेला: त्याचा स्वतःचा स्फटिक ताल धरतो आणि आकडे किती पाठवायचे हे तो संगणकाला कळवतो. डॅक विकत घेताना खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा ही सोय पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या गावी कीर्तनांच्या आणि भजनांच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून ठेवायच्या असतील, तर मात्र उलटा परिवर्तक, म्हणजे दाबाचे आकडे करणारा ‘एडीसी’, अधिक महत्त्वाचा ठरतो. उतरवताना मिसळलेली घुमघुम आकड्यांचाच भाग होऊन बसते, आणि फाइल लहान करण्यासाठी एमपीथ्रीने टाळाच्या किणकिणीतले जे बारकावे गाळले ते कितीही महागडा डॅक परत आणू शकत नाही. म्हणून मूळ उतारा न दाबलेल्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये जपावा आणि वाटण्यासाठी हवी तर एमपीथ्री नंतर त्याच्यावरून करावी.