जमाखर्चाची सरगम

परवा डोंबिवलीत सी. रामचंद्र यांच्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या १९७७ सालच्या आत्मचरित्रावर चर्चा होती. एक वयस्कर काका कडाडले, “ते रॉक अँड रोल आलं नि आपलं संगीत बुडालं!”

मी पडलो बँकेतला कारकून. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला घास गिळत नाही. म्हटलं, “काका, १९५७ साली ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ केलं ते पुणतांब्याच्या ह्याच चितळकरांनी. आणि १९६३ चं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ही त्यांचंच! खातं एकच; मग निम्मी जमा खोटी कशी?”

काका गप्प. परतताना जिन्यात त्यांची काठी मात्र ठेका धरत होती. कुठल्या गाण्याचा, ते मी मुद्दामच विचारलं नाही.