गुड शेफर्ड चर्च, टेकापो

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील मॅकेन्झी प्रदेशात टेकापो सरोवराच्या काठी असलेले छोटे दगडी चर्च. मेंढपाळीच्या या मुलखातील आद्य युरोपीय वसाहतकारांचे स्मारक म्हणून ते १९३५ मध्ये बांधण्यात आले. कोनशिला त्याच वर्षी जानेवारीत ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या हस्ते बसवली गेली. स्थानिक चित्रकर्ती एस्थर होप यांच्या रेखाटनांवरून क्राइस्टचर्चचे वास्तुविशारद हार्मन यांनी आराखडा तयार केला. भिंतींसाठी परिसरातलेच दगड न घडवता वापरले आहेत. वेदीमागे रंगीत काचचित्र नसून साध्या काचेची रुंद खिडकी आहे. तिच्यातून हिमनदीच्या बारीक गाळामुळे फिरोजी दिसणारे सरोवर आणि पलीकडचे डोंगर दिसतात. चर्च विविध ख्रिस्ती पंथांना उपासनेसाठी खुले आहे. जवळच धनगरी कुत्र्याचा कांस्य पुतळा (१९६८) आहे.