बोटांना दिसणारी डोकेदुखी

डोकं दुखायला लागलं की आपला हात आपोआप कपाळाकडे जातो, मग मानेकडे. बोटं दाबत दाबत एका जागी थांबतात आणि तोंडातून निघतं, "हं, इथंच!" कुणी सुंठ उगाळून लावतं, कुणी अमृतांजन चोळतं. आराम औषधाने पडतो की चोळणाऱ्या हाताने, हे काही सांगता येत नाही. मला अर्धशिशीचा जुना त्रास. त्यामुळे जपानी सुईचिकित्सेबद्दल, म्हणजे ॲक्युपंक्चरबद्दल, वाचायला घेतलं ते उपचार म्हणून. अडकलो मात्र तिच्या इतिहासात.

ही विद्या जपानला चीनकडून मिळाली. पण सतराव्या शतकात तिला मोठं वळण दिलं ते एका अंध माणसाने. त्याचं नाव सुगियामा वाइची. जन्म १६१०, त्सु गावचा. लहानपणीच दृष्टी गेली. सुईविद्या शिकायला तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेला. पण हात जड आणि लक्षात राहत नाही म्हणून गुरूंनी त्याला परत पाठवलं, असं सांगतात. पुढची आख्यायिका अशी की, एनोशिमा बेटावर देवीपुढे उपास करून परतताना तो ठेचकाळून पडला आणि त्याच्या हाताला काहीतरी टोचलं. चाचपून पाहिलं तर पोकळ नळीत अडकलेलं पाइनचं सुईसारखं पान! आख्यायिका खरी असो-नसो, सुई नळीतून घालण्याची पद्धत रुळवण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. नळी सुईपेक्षा किंचित आखूड. वर राहिलेल्या टोकावर बोटाने हलकेच टिचकी मारायची, की सुई नेमक्या जागी, फारसं न दुखता जाते. डोळ्यांची गरजच नाही. आज जगभर ही नळी वापरतात, डोळस लोकसुद्धा.

'जड हाताचा' म्हणून परत पाठवलेला हा विद्यार्थी पुढे शोगुन त्सुनायोशीचा वैद्य झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने अंधांसाठी सुई आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा काढल्या. पॅरिसची अंधशाळा, जिचा दाखला आपण नेहमी देतो, ती त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आली. जन्मभर खडू हातात धरलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून सुगियामाला मनोमन नमस्कार करावासा वाटला.

तपासणीतही जपानी पद्धतीत हाताला मोठा मान आहे. दोन्ही मनगटांची नाडी बघायची, पोट हलक्या हाताने चाचपायचं. पोट चाचपण्याचं हे शास्त्र तिथल्या डोळस वैद्यांनीही खूप वाढवलं. डोकेदुखीच्या रुग्णाची मान, खांदे आणि कवटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंना असणारे खळगे बोटांनी तपासतात. कुठे घट्ट, कुठे पोकळ, कुठे गार, हे शोधतात. अशा जागेला ते 'त्सुबो' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ मडकं. पुस्तक जागा ढोबळ सांगतं, नेमकी जागा बोट ठरवतं. सुया केसासारख्या बारीक, बहुधा वरवरच टोचतात. काही उपचारक तर बोथट सुई कातडीला नुसती टेकवतात.

ही विद्या दोनदा संकटात आली. १८७१ मध्ये अंधांचा जुना संघ सरकारने मोडला आणि १८७४ पासून पाश्चात्त्य वैद्यकाला राजमान्यता मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी सुईचिकित्सेवर बंदीच घालायचं मनात आणलं. तेव्हा अंध उपचारकांनी जोरदार विरोध केला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न पोटाचा होता आणि मानाचाही. अखेर १९४७ मध्ये परवान्याचा कायदा झाला. आजही जपानच्या अंधशाळांत हा अभ्यासक्रम शिकवतात.

आता, याने डोकं थांबतं का? २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्या खास जपानी पद्धतीच्या नव्हेत, हे लक्षात ठेवावं. खऱ्या सुया टोचलेल्या शंभरातल्या ५० जणांचे झटके निम्म्यावर आले. खोट्या, म्हणजे वरवर किंवा भलत्याच जागी टोचलेल्यांपैकी ४१ जणांचे. फरक आहे, पण थोडा. संशयी माणूस म्हणेल, म्हणजे बराचसा मनाचा खेळ. मला मात्र त्या ४१ मध्ये कुणीतरी वेळ काढून, हात लावून केलेली विचारपूसही दिसते.

अर्थात अचानक असह्य डोकं उठलं, ताप येऊन मान ताठली किंवा हात-पाय लुळे पडले, तर सुया बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठावं.

बाकी रोजच्या दुखण्याचं म्हणाल, तर हल्ली दवाखान्यात रिपोर्ट आधी बघतात. नाडीवर बोट ठेवणारे डॉक्टर विरळाच. रिपोर्ट हवेतच. पण "कुठे दुखतंय?" असं विचारून तिथे बोट ठेवणं हीसुद्धा विद्या आहे. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांना डोळे नव्हते त्यांनी ती जोपासली, हे डोळसांनी विसरू नये.